वाढीव खोलीचा पाया सुटाच हवा

प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमधले घरकुल किमान 25 चौरस मीटरचे. कुटुंब वाढले की तेवढ्यात भागत नाही आणि जुन्या भिंतीला लागून एक पक्की खोली काढायचे ठरते. अशा कामाचा पाया आपल्याकडे बहुधा सवयीने ठरतो: जुना जितका खोल तितकाच नवा, आणि जुन्या भिंतीत सळया घालून नवी भिंत तिला जखडायची. मेळघाटातल्या सेमाडोहसारख्या गावात ही सवय विशेष घातक आहे. सिपना नदीच्या काठी, गाविलगडच्या डोंगरात वसलेल्या या भागात खाली बेसाल्ट आहे. उतारावर मुरूम लवकर लागतो, तर सखल जागी काळ्या मातीचा थर जाड असू शकतो. म्हणजे जुनी खोली मुरमावर आणि नवी काळीवर, असे एकाच अंगणात घडू शकते. परतवाडा शहरातून ठरवून आणलेली पायाची खोली इथे कामाची नाही.

जुन्या घराखालची माती वर्षानुवर्षे दाबली गेलेली असते आणि छपराखाली असल्याने तिची ओल फारशी बदलत नाही. नवा पाया मात्र आपण एप्रिल-मेमध्ये, जमीन भेगाळून आकसलेली असताना भरतो. काँक्रीटला पुरते पाणीही मिळालेले नसते, तोच मृगाच्या सरी येतात आणि काळी माती फुगू लागते. एकमजली खोलीचे वजन इतके कमी, की फुगणारी माती तिला सहज वर उचलते. दुमजली इमारतीपेक्षा हलकी खोली जास्त धोक्यात, हे मालकाला पटवणे कठीण जाते. पण तडा जातो तो नेमका जोडावर, कारण एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही. जखडलेल्या सळया ती हालचाल थांबवत नाहीत, ती जुन्या भिंतीत नेऊन सोडतात.

म्हणून जोड सुटा ठेवावा: वेगळे कॉलम, वेगळा प्लिंथ बीम आणि मध्ये सुमारे 25 मिलिमीटरची फट. फटीतून पाणी शिरेल, हा आक्षेप मेळघाटच्या पावसात रास्तच आहे. त्यावर उपाय छतावर पत्र्याची पट्टी आणि भिंतीत लवचीक भरण हा आहे. सिमेंटने फट बुजवली तर ती ठेवलीच नाही असे समजावे. दोन्ही पाये खरोखर खडकावर असतील तर जोडायला हरकत नाही, पण ते खड्डा खणून पाहिल्याशिवाय कुणी सांगू नये.

दुसरा आक्षेप खर्चाचा: एका खोलीसाठी माती परीक्षण कोण करणार? प्रयोगशाळा परवडत नसेल तर दोन मजुरांचे एक दिवसाचे काम पुरते. एक खड्डा नव्या जागेच्या दूरच्या कोपऱ्यात, दुसरा जुन्या भिंतीलगत, जुन्या पायाचा तळ दिसेपर्यंत. काळी माती खोलवर असेल तर भारतीय मानक 2911 मधल्या अंडर-रीम्ड पाइल्सचा विचार करावा. नवा तळ जुन्यापेक्षा खाली न्यावा लागला तर भारतीय मानक 1904 नुसार दोन तळांना जोडणारी रेषा दोन आडवे, एक उभे यापेक्षा चढी नसावी; म्हणजे अर्धा मीटर खोल जायचे तर एक मीटर दूर सरकायचे. तेवढी जागा नसेल तर नवे कॉलम भिंतीपासून आत घ्यावेत आणि वरचा स्लॅब झुलता काढावा. हा फरक अंदाजपत्रकात आधी दिसला, तर मालक खोलीचा आकार तिथेच बदलू शकतो.