दिसला तर दिसला

दिवाळीचा पहिला दिवस वसुबारस. अकोले तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांत त्याच दिवशी वाघबारस असते. वाघोबाला नैवेद्य दाखवून गुरंढोरं सांभाळ अशी विनवणी करतात. वाघाने दर्शन द्यावं, असं मात्र तिथं कुणी मागत नाही.

यंदाच्या अंकासाठी आम्ही वनपर्यटन हा विषय घेतला, कारण दिवाळीच्या सुटीत मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राजस्थानला निघतात आणि जयपूरच्या यादीत आमेर, हवामहलच्या जोडीला आता झालानाची बिबट्या सफारीही असते. अरवलीच्या टेकड्यांमधलं हे सुमारे 20 चौरस किलोमीटरचं रान जवळजवळ शहरातच आहे. एकेकाळी ते जयपूरच्या राजांचं शिकारीचं रान होतं आणि त्यांची शिकारीची माडी तिथं अजून उभी आहे. रणथंबोरही त्याच घराण्याचं. 1961 साली राणी एलिझाबेथ यांच्या दौऱ्यात प्रिन्स फिलिप यांनी तिथं वाघ मारला. पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1973 मध्ये रणथंबोर व्याघ्र प्रकल्पात गेलं. आधी राजासाठी इतरांना रानाबाहेर ठेवत, आता जनावरासाठी आपल्याला ठेवतात.

म्हणून ठरलेल्या वेळेलाच फाटक उघडतं. नोंदणी झालेल्या गाडीतूनच जायचं, खाली उतरायचं नाही, वाट सोडायची नाही, आवाज करायचा नाही. झालानात हे नियम अधिकच कडकपणे पाळायला हवेत. ताडोबातला वाघ कंटाळला तर आत खोल निघून जाईल. झालानातला बिबट्या जाणार कुठं? कुंपणापलीकडे कॉलन्या आहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाशेजारी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

नियम मोडतात ते बहुधा गाडीत मागे बसलेल्यांच्या हट्टापायी. 2024 च्या 31 डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाईड यांच्यावर कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती. पण चालकाला गाडी पुढे घ्यायला लावणारा कोण असतो? ‘एवढे पैसे भरलेत, काहीतरी दाखवा’ हे वाक्य आपल्याच माणसांच्या तोंडून किती सहज येतं! जनावर दिसलं की बक्षिसी सढळ, नाही दिसलं की हात आखडता. ज्याच्या घरखर्चाला हंगामातल्या बक्षिसीचा हातभार लागतो, तो माणूस मग बिबट्याच्या जवळ, आणखी जवळ गाडी नेतो. वनखात्यानं कितीही पाट्या लावल्या तरी हा व्यवहार आपणच बदलू शकतो. आमच्या मते जंगलातल्या गर्दीइतकाच हाही गंभीर प्रश्न आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

तेव्हा वाचकांना एक विनंती. या सुटीत झालाना, रणथंबोर, ताडोबा, कुठंही गेलात तर बक्षिसी सफारी सुरू होण्यापूर्वीच ठरवा आणि ती चालक-गाईडना फाटकावरच सांगा. ‘दिसला तर दिसला, पण गाडी वाटेवरच ठेवा, अंतर राखा,’ हेही त्याच वेळी सांगा. मुलांसमोर सांगा. मग धोक नावाची झाडं, मोर, नीलगाई, वानरांच्या इशाऱ्याच्या हाका यांच्याकडे लक्ष द्यायला सगळ्यांनाच सवड मिळेल.