डावात पाहा, चेहरा उलटा दिसतो!

“मुलगी बारावीला. फिजिक्सचं पुस्तक उघडलं की तिला रडूच येतं. मी आर्ट्सवाली, काय मदत करणार?” असं एका भगिनीनं कळवलंय.

अहो, शिकवू नका, विचारा! कणीक मळताना तिला समोर बसवा नि म्हणा, “मला समजावून सांग.” जिथं अडखळेल, तिथंच उजळणी हवी.

चकचकीत डावाच्या आत चेहरा उलटा दिसतो, पाठीवर सुलटा पण लहान. का, ते तिनं किरण काढून दाखवावं. चुंबकत्वाला इंडक्शनची शेगडी आहेच. वेटोळ्यातला प्रवाह सतत दिशा बदलतो, म्हणून पातेल्याच्या बुडात प्रवाह निर्माण होऊन बूड तापतं.

विजेत मात्र हमखास फसगत! १००० वॅटची इस्त्री आणि ६० वॅटचा जुना पिवळा दिवा, रोध कुणाचा जास्त? मुलं पटकन ‘इस्त्री’ म्हणतात. (मीही म्हटलं होतं.) दाब दोघांना २३० व्होल्टच. त्याचा वर्ग भागिले वॅट केलं की इस्त्रीचा ५३ ओहम, दिव्याचा तब्बल ८८२!

आधुनिक भौतिकी मुलं भीतीनं शेवटावर टाकतात. ती आधी घ्या. जस्तावर तांबडा प्रकाश कितीही ओता, इलेक्ट्रॉन सुटत नाही; अतिनील किरण मंद असले तरी सुटतो. आइन्स्टाइननं १९०५ साली सांगितलं, प्रकाशाची ऊर्जा पुड्यांनी येते. तांबडी पुडी अपुरी पडते, इतकंच.

आणि हो, रात्री अकराला पुस्तक मिटायला लावा. तेवढं तर आर्ट्सवालीला जमतं ना?