बिनतारी यंत्राची बॅटरी

नाशिककडील द्राक्षमळ्यांत मातीची ओल मोजून ती बिनतारी संदेशाने कळविणारी यंत्रे आता दिसू लागली आहेत. त्यांतील ‘लोरा’ पद्धतीची यंत्रे बहुतेक वेळ निद्रिस्त असतात. क्षणभर जागी होऊन चार आकडे धाडतात आणि पुन्हा निजतात. म्हणूनच लहानशी बॅटरी काही वर्षे पुरते. ओल काही मिनिटागणिक पालटत नाही. तेव्हा दर मिनिटाला आकडे मागविण्याची हौस आम्हांस अनाठायी वाटते. तासाला एक संदेश पुष्कळ झाला. संपलेली बॅटरी मात्र बांधावर फेकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती गोळा करविण्याची जबाबदारी उत्पादकावर घातली आहे. यंत्र घेतानाच शेतकरी बंधूंनी विक्रेत्याकडून तसे लिहून घ्यावे.