येलदरीचा सरकता काठ

मतदारांसाठी काढल्या जाणाऱ्या आमदारांच्या कार्यअहवालांत रस्ते, सभामंडप आणि पाणीपुरवठा योजना यांच्या जोडीला अलीकडे धरणकाठच्या पर्यटनालाही जागा मिळू लागली असून, जलक्रीडा आणि साहसी पर्यटन हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी ही पाने छायाचित्रांपुरती न पाहता निविदेतील अटींइतक्या बारकाईने वाचणे आवश्यक झाले आहे. अशा वाचनासाठी परभणी जिल्ह्यातील येलदरी हे उत्तम उदाहरण ठरते.

पूर्णा नदीवरील हे मातीचे धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याची एकूण साठवण क्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर असून, त्यातील सुमारे १२५ दशलक्ष घनमीटर हा मृतसाठा, म्हणजे विमोचकाच्या पातळीखाली राहणारे आणि एरवी बाहेर सोडता न येणारे पाणी होय. पायथ्याच्या २२.५ मेगावॅट क्षमतेच्या जलविद्युत केंद्रातून सोडलेले पाणी खालच्या सिद्धेश्वर धरणात जाते आणि तेथून कालव्यांद्वारे परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतील शेतीला मिळते. जलाशयाची पातळी त्यामुळे सहलींच्या सोयीने नव्हे, तर पाणीपाळ्यांच्या, म्हणजे सिंचनासाठी ठरावीक अंतराने दिल्या जाणाऱ्या आवर्तनांच्या हिशेबाने बदलते.

नेमकी अडचण येथेच आहे. मराठवाड्यात पर्यटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि रब्बीची आवर्तनेही त्याच सुमारास सुरू होतात. म्हणजे गर्दी वाढत जाते त्याच महिन्यांत पाणी काठापासून दूर सरकत जाते, आणि तटाचा उतार सौम्य असेल तेथे पातळीतील थोड्याशा घटीनेही मोठा चिखलपट्टा उघडा पडतो. हा पट्टा रिकामा नसतो. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या बुडीत क्षेत्रातील जमिनीवर गाळपेर होते, म्हणजे ओलाव्यावर पिके घेतली जातात, आणि पाण्यात मासेमारी करणाऱ्यांची जाळी असतात. ज्या कुटुंबांची जमीन धरणात गेली, त्यांच्या गाळपेराच्या बांधांवरून पर्यटकांची वाट काढणारा आराखडा कागदावर कितीही देखणा असला, तरी पहिल्याच हंगामात भांडणे ओढवून घेणार, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

आमदारांच्या हाती असलेल्या साधनांकडे पाहिले म्हणजे चुकीची बांधकामे का होतात, याचा उलगडा होतो. आमदार स्थानिक विकास कार्यक्रमातून प्रत्येक आमदाराला वर्षाला ५ कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात. परंतु या निधीचा रोख टिकाऊ सार्वजनिक मालमत्तेवर असतो, जीवरक्षकांच्या पगारावर किंवा नौकांच्या देखभालीवर नव्हे. परिणामी निधीच्या चौकटीत सहज बसतो तो काँक्रीटचा धक्का, आणि पाणी मागे हटताच कोरडा पडतो तोही तोच. पातळीबरोबर वरखाली होणारा तरंगता धक्का अधिक उपयोगी असला, तरी त्याला वर्षभर माणसे लागतात, आणि माणसांचे भूमिपूजन करता येत नाही.

निधीपेक्षा महत्त्वाचे काम सभागृहात होऊ शकते. येलदरी जिंतूर विधानसभा मतदारसंघात येते आणि २०१९पासून तेथील प्रतिनिधित्व मेघना साकोरे-बोर्डीकर करत असून, डिसेंबर २०२४पासून त्या राज्यमंत्रीही आहेत. जलाशय मात्र परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलेला आहे. ‘क’ वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा जिल्हा नियोजन समिती देते, म्हणजे एकाच पाण्यासाठी दोन समित्यांचा विचार एका दिशेने व्हावा लागतो. पाणी आणि जमीन जलसंपदा विभागाकडे, मासेमारीचा विषय मत्स्यव्यवसाय विभागाकडे, साहसी उपक्रमांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे, अशी विभागणी असताना समन्वय घडवणे हे मतदारसंघाबाहेरही शब्द चालणाऱ्या लोकप्रतिनिधीचेच काम आहे. त्याची बातमी छापायला कोनशिलेइतकी सोपी नसते, एवढेच.

व्यावसायिकांची जबाबदारीही कमी नाही. राज्याच्या ऑगस्ट २०२१मधील साहसी पर्यटन धोरणाने जमीन, पाणी आणि हवेतील उपक्रम चालवणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक केली आहे. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावरील प्रवासी नौका वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. ती सहलीची नौका नव्हती. परंतु वळवाच्या दिवसांत मोठ्या जलाशयावर वारा किती अचानक उठतो, हे त्या घटनेने दाखवून दिले, आणि येलदरीच्या विस्तीर्ण पाण्यालाही तोच धोका आहे. धरणाखालच्या पात्राची गोष्ट आणखी वेगळी आहे: वीजनिर्मिती सुरू होताच किंवा पावसाळ्यात सांडव्याचे दरवाजे उघडताच, वर आभाळ निरभ्र असले तरी तेथील पाणी वाढते.

म्हणून जिंतूर तालुक्यात गुंतवणुकीचा विचार करणाऱ्या व्यावसायिकांनी आमदार कार्यालयाकडे पहिली मागणी निधीची करू नये. गेल्या दहा वर्षांतील मासिक पाणीपातळ्या, यंदाच्या आवर्तनांचे वेळापत्रक, गाळपेरासाठी दिलेल्या क्षेत्राचा नकाशा आणि विसर्गाची पूर्वसूचना काठावरील नौकाचालकापर्यंत किती वेळ आधी पोहोचेल याचे लेखी उत्तर, या चार गोष्टी पुढील कार्यअहवालात छापून आल्या, तर धक्का कोठे असावा, किंबहुना तो असावा की नाही, हे त्यांना स्वतःच ठरवता येईल.