गावचा पैसा आणि चर्चच्या काचा

आपल्याकडे मशिदीचे छत गळू लागले किंवा कब्रस्तानची भिंत ढासळली, की जुम्याच्या नमाजनंतर वर्गणीचे आवाहन होते आणि काम निघते. पैसा जमातीचा, इमारत जमातीची, हिशेब मागणारेही जमातीचेच. पण प्रत्येक गावात अशाही जागा असतात ज्या कुणा एका जमातीच्या नसतात. जुनी शाळा, तळ्याकाठची मोकळी जमीन, मोडकळीला आलेली गिरणी. त्यांच्यासाठी वर्गणी कोणी काढायची? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २००० साली या प्रश्नाचे उत्तर कायद्यात लिहून ठेवले. पुढे त्याच कायद्यावरून अ‍ॅक्टन नावाच्या एका लहान गावात चर्च आणि गावचा पैसा असा वाद उभा राहिला. तो वाद आमच्या वाचकांनी समजून घ्यावा असा आहे. त्याआधी कायदा काय आहे ते पाहू.

हा कायदा कोणत्याही गावावर लादलेला नाही. गावातल्या मतदारांनी मतदान करून तो स्वीकारला तरच लागू होतो. स्वीकारला की घरपट्टीवर जास्तीत जास्त ३ टक्के अधिभार बसतो. किती टक्के बसवायचा तेही गाव ठरवते. अ‍ॅक्टनने दीड टक्का ठरवला. आकडा मोठा नाही. समजा, एका घराची किंमत ६ लाख डॉलर आहे आणि घरपट्टीचा दर हजारी १५ डॉलर. घराच्या किमतीतले पहिले १ लाख डॉलर वगळण्याची सवलत गावाने दिली असेल तर अधिभार ५ लाखांच्या घरपट्टीवर, म्हणजे ७,५०० डॉलरवर बसेल. दीड टक्क्याने वर्षाचे ११२ डॉलर ५० सेंट होतात. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना पूर्ण माफी देण्याचीही सोय कायद्यात आहे.

गावाने स्वतःचे पैसे काढले की राज्य त्यात भर घालते. ही भर येते दस्त नोंदणीच्या शुल्कातून. सुरुवातीची काही वर्षे गावाच्या एका डॉलरमागे राज्याचा एक डॉलर येत होता. मग कायदा स्वीकारणारी गावे वाढली, शुल्काची रक्कम तेवढीच राहिली, आणि काही वर्षी गावाच्या डॉलरमागे राज्याकडून २० सेंटही मिळेनात. शेवटी २०१९ मध्ये बहुतेक दस्तांवरचे हे शुल्क २० डॉलरवरून ५० डॉलर केले. राज्यात ३५१ गावे-शहरे आहेत, त्यांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी आज हा कायदा लागू आहे.

आता या पैशाची चावी कोणाकडे? इथे कायदा करणाऱ्यांनी चांगला विचार केला आहे असे आम्हाला वाटते. गावात एक ‘कम्युनिटी प्रिझर्व्हेशन कमिटी’ नेमली जाते. आपण तिला जतन समिती म्हणू. सभासद कमीत कमी पाच, जास्तीत जास्त नऊ. त्यातल्या पाच जागा कायद्यानेच बांधलेल्या आहेत. निसर्ग-संरक्षण मंडळाचा एक, ऐतिहासिक वास्तूंच्या मंडळाचा एक, नियोजन मंडळाचा एक, उद्यान मंडळाचा एक आणि गृहनिर्माण मंडळाचा एक. म्हणजे ज्याला जंगल वाचवायचे आहे, ज्याला जुनी इमारत वाचवायची आहे आणि ज्याला गरीब कुटुंबासाठी घर हवे आहे, ते सगळे एकाच टेबलाभोवती बसतात. दरवर्षीच्या रकमेतला किमान १० टक्के हिस्सा मोकळ्या जमिनीसाठी, १० टक्के ऐतिहासिक वास्तूंसाठी आणि १० टक्के परवडणाऱ्या घरांसाठी खर्च करावा लागतो किंवा राखून ठेवावा लागतो. उरलेल्या रकमेसाठी मात्र दरवर्षी ओढाताण असते. खेळाच्या मैदानाची मागणीही त्यातून भागवता येते.

समितीचे काम अर्ज मागवणे, गावाच्या गरजांचा अभ्यास करणे, जाहीर सुनावणी घेणे आणि शिफारस करणे. बस्स, शिफारस. एक डॉलरही तिला स्वतःच्या अधिकारात देता येत नाही. शिफारस जाते ‘टाउन मीटिंग’पुढे, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामसभेपुढे. तिथे गावचा कोणताही नोंदणीकृत मतदार येतो, बोलतो, हात वर करतो. ग्रामसभा शिफारस मान्य करू शकते, रक्कम कमी करू शकते, साफ नाकारू शकते. वाढवू मात्र शकत नाही. आणि समितीने ज्याची शिफारसच केलेली नाही, त्या कामाला ग्रामसभाही या निधीतून पैसे देऊ शकत नाही. म्हणजे ‘नाही’ म्हणायचा अधिकार दोघांना, पण ‘हो’ म्हणायला दोघेही एकत्र यावे लागतात. एखादा वजनदार सभासद आपल्या मेहुण्याच्या संस्थेला परस्पर रक्कम देऊन टाकेल, अशी वाटच ठेवलेली नाही. आमच्या ओळखीच्या काही कमिट्यांच्या सदरसाहेबांना हा नियम पटणार नाही, पण त्यांच्या जमातींना नक्की पटेल.

आणखी दोन अटी सांगण्यासारख्या आहेत. हा पैसा रोजच्या देखभालीला, झाडलोटीला, किरकोळ डागडुजीला वापरता येत नाही. गाव आधीपासून जो खर्च करत होते तो थांबवून त्याच्या जागी हा पैसा घालणेही मना आहे. दुसरी अट जमिनीची. या निधीतून जमीन घेतली तर ती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला कायमची बांधून दस्तात नोंदवावी लागते. पुढच्या पिढीतल्या कोणी ती बिल्डरला विकायची म्हटली तरी दस्त आडवा येतो. वाकिफ वक्फनामा लिहून देताना जी अट घालतो, तिची आठवण आमच्या वाचकांना इथे झाल्याशिवाय राहणार नाही.

आता अ‍ॅक्टनकडे वळू. बॉस्टनच्या पश्चिमेचे हे गाव अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७५ च्या पहिल्याच लढाईला माणसे पाठवणारे. तिथल्या जुन्या काँग्रिगेशनल चर्चने समितीकडे अर्ज केले. एक अर्ज ४९,५०० डॉलरचा होता, चर्च आणि त्याच्या मालकीची दोन जुनी घरे यांच्या जतनाचा आराखडा करण्यासाठी. दुसरा ५१,२३७ डॉलरचा, चर्चच्या रंगीत काचांच्या दुरुस्तीसाठी. या काचांवर धार्मिक चित्रे आहेत. समितीने शिफारस केली, २०१६ च्या ग्रामसभेने मंजुरी दिली. सगळे नियमाप्रमाणे झाले. आणि गावातलेच काही करदाते कोर्टात गेले.

त्यांचे म्हणणे साधे होते. राज्याच्या घटनेतली एक जुनी दुरुस्ती सरकारी पैसा चर्चच्या मदतीला देण्यास मनाई करते. त्या दुरुस्तीमागे मोठा इतिहास आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ पर्यंत गावकऱ्यांच्या करातून चर्चचा आणि पाद्रीचा खर्च चालायचा, आणि त्याचा लाभ बहुतेक गावांत काँग्रिगेशनल चर्चलाच मिळायचा. क्वेकर, बॅप्टिस्ट अशा लहान पंथांची माणसे त्यावर नाराज होती. ज्याच्या प्रार्थनेत आपण उभे राहत नाही, त्याच्या पाद्रीचा पगार आपल्या खिशातून का, हा त्यांचा सवाल होता.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये निकाल दिला. चर्च आहे एवढ्यावरून जतनाचा पैसा कधीच मिळणार नाही, असे न्यायालय म्हणाले नाही. पण प्रत्येक वेळी तपासावे लागेल. देण्यामागे चर्चला मदत करण्याचा हेतू आहे का? परिणामात ती चर्चला भरीव मदत ठरते का? आणि त्यातून धर्म व राजकारण यांची ती सरमिसळ होते का, जी टाळण्यासाठी ही मनाई घातली गेली? अर्जात चर्चने आपली आर्थिक ओढगस्तही सांगितली होती, आणि तीच त्याच्या अंगावर आली. काचांच्या रकमेबाबत न्यायालयाचा कौल करदात्यांच्या बाजूने गेला. आराखड्याच्या रकमेबाबत आणखी माहिती घ्या म्हणून प्रकरण खालच्या कोर्टात परत पाठवले. एका न्यायमूर्तींनी मात्र निकालाविरुद्ध मत नोंदवले.

विरोधातल्या मतात तथ्य नाही असे नाही. जुनी इमारत ही गावाची आठवण असते, आणि तिच्यात आजही प्रार्थना होते म्हणून तिला बाहेर ठेवायचे, तर प्रार्थना बंद पडल्यावरच तिला मदत मिळावी असा अर्थ निघतो. तरीही आमचे मत न्यायालयाच्या बाजूचे आहे, आणि त्याचे मुख्य कारण चर्चच्या हिताचे आहे. या निधीच्या मदतीबरोबर वास्तू जतन करण्याची अट येते. ती दस्तात बसली की आपल्याच प्रार्थनागृहात बदल करायला गावाची परवानगी लागते. आज काचांसाठी पैसे घेतले, उद्या खिडकी बदलायची तर मंडळासमोर अर्ज घेऊन उभे राहायचे. शिवाय दरवर्षी ग्रामसभेत कोणत्या पंथाच्या घराला किती दिले, यावर हात वर होणार. लहान गावात शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या इबादतीच्या जागेवर असे मत द्यावे, ही वेळच का आणायची? ज्या जमातीची संख्या कमी, तिचे हात तिथे कमीच पडणार.

निकालानंतरही समित्यांचे काम थांबलेले नाही. जमिनी घेतल्या जातात, जुनी सरकारी इमारत नीट केली जाते, वृद्धांसाठी घरे उभी राहतात. धार्मिक वास्तूचा अर्ज आला तर समित्यांना आता वरचे तीन प्रश्न आधी विचारावे लागतात. कोणत्याही गावाला हा अधिभार नको झाला, तर स्वीकारल्यापासून पाच वर्षांनी मतदान करून तो काढून टाकता येतो. मात्र तोवर जी जमीन घेऊन दस्त नोंदवला, ती अधिभार उठला तरी मोकळीच राहते.