रत्नागिरी पॅसेंजर दादरला परत कधी नेणार?

रत्नागिरी, सप्टेंबर 2025

प्रति,
माननीय रेल्वेमंत्री, भारत सरकार
अध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालक, कोकण रेल्वे महामंडळ, बेलापूर

महोदय,

गणपती झाले, चाकरमानी परतले. गर्दी ओसरली की आमच्या मागण्याही बाजूला पडतात, म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहे.

करोनाआधी रत्नागिरी पॅसेंजर दादरपर्यंत जात होती. टाळेबंदीनंतर ती दिव्याला थांबवली, ती आजही दिव्यालाच थांबते. दादरला तिला जागा देणे अवघड, लोकलचे वेळापत्रक कोलमडते, अशी कारणे आम्ही ऐकली. मग त्याच दादरहून गोरखपूर आणि बलियाच्या विशेष गाड्या कशा सुटतात? त्या प्रवाशांशी आमचे भांडण नाही, त्यांनाही गाव आहे. पण अडचण नेमकी कोकणच्याच गाडीला का येते, याचे उत्तर आपण द्यावे.

या गाडीत कोण बसते, हे आपणास ठाऊक आहे. आरक्षण न मिळालेले, एक्स्प्रेसचे भाडे न परवडणारे, एक्स्प्रेस जिथे थांबतच नाही अशा लहान स्थानकांवरचे लोक. परळच्या टाटा आणि केईएम रुग्णालयांत जाणारे रुग्णही त्यांत असतात. दादरला उतरले की परळ पुढचेच स्थानक. आता दिव्याला सामानासकट जिना चढायचा आणि भरलेल्या लोकलमध्ये शिरायचे. केमोथेरपीसाठी निघालेल्या माणसाने हे कसे करावे? खासगी बसकडे गेलेला प्रवासी रेल्वेकडे वळावा असे आपणास खरेच वाटत असेल, तर सुरुवात इथून करा.

या रेल्वेसाठी कोकणातल्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. 26 जानेवारी 1998 रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. प्रकल्पाच्या कर्जाचा बोजा म्हणून प्रत्यक्षापेक्षा 40 टक्के जास्त अंतर धरून भाडे लावले गेले. 100 किलोमीटर जाणाऱ्याने 140 किलोमीटरचे पैसे भरायचे. ते आम्ही भरत आलो. त्या बदल्यात काय मिळाले? रोहा ते वीर दुहेरीकरण 2021 मध्ये झाले, पण वीरच्या पुढे आजही एकेरीच मार्ग. 2022 मध्ये विद्युतीकरणाचे लोकार्पण झाले, तरी क्रॉसिंगसाठी पॅसेंजर अजून बाजूला उभी राहते. यंदा ऑगस्टमध्ये आपण कोलाड ते वेर्णा मोटारी वाहून नेणारी गाडी सुरू केली. मोटारींसाठी या मार्गावर वेळ काढता येतो, तर खेड-चिपळूणहून सकाळी कामाला निघणाऱ्यांसाठी मेमू का काढता येत नाही?

कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला राज्य सरकारने यंदा संमती दिली आहे. ते होईल तेव्हा होवो. दादर स्थानक मध्य रेल्वेचे, म्हणजे मंत्रिमहोदय, आजही आपल्याच अखत्यारीतले आहे. पॅसेंजर तिथवर नेण्यासाठी विलीनीकरणाची वाट पाहायचे कारण नाही.

ती कोणत्या तारखेपासून दादरला जाईल, ते लेखी कळवावे. जाणार नसेल, तर तो निर्णय कोणाचा, हेही लेखी द्यावे.

आपला,
रत्नागिरीचा एक प्रवासी