‘रिकामा’ कोणास म्हणावे?

मराठीत मोकळ्या वेळेसाठी शब्दांची वाण नाही. ‘सुटी’त बंधनातून सुटणे आहे. ‘रजा’ अरबीतून आलेली. तिचा मूळ अर्थ संमती, म्हणजे येथे धन्याची अनुज्ञा गृहीत आहे. ‘फुरसत’ म्हणजे मुळात संधी. ‘सवड’ तर ज्याची त्याने काढावयाची असते. या शब्दांना प्रतिष्ठा आहे, कारण प्रत्येकामागे काम उभे आहे. ‘रिकामा’ मात्र या पंक्तीत बसत नाही. रिकामी कणगी म्हणावी तसाच तो माणसाला लावला जातो आणि वेळेची मोकळीक नव्हे, तर माणसाचीच उणीव दाखवितो. ‘रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी’ या म्हणीत तर उघड उपहास आहे. त्या न्हाव्याकडे गिऱ्हाईक का आले नाही, हे म्हण विचारीत नाही.

भंडारा जिल्ह्यात हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. हा धानाचा प्रदेश. रोवणीच्या व कापणीच्या दिवसांत येथे हात पुरत नाहीत. मळणी आटोपली की तेच हात रिकामे होतात. मोहफुलांचा आणि तेंदूपत्त्याचा हंगाम काही दिवसांचाच. अशा वेळी पारावर बसलेल्या मजुरास आळशी ठरविणे सोपे असते. परंतु ज्या शिवारात पाटाचे पाणी पोहोचते, तेथे उन्हाळी धान उभे राहते आणि हाच मजूर बांधावर दिसू लागतो. दोष स्वभावाचा असता, तर तो पाण्याने धुऊन निघाला नसता. बेकारी ही व्यक्तीची खोड नसून समाजाची जबाबदारी आहे, हे महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने मान्य केले. कायदा बदलला, भाषा मात्र बदलली नाही.

या शब्दाचा दुसरा अन्याय स्त्रियांवर होतो. ‘ती घरीच असते’ या वाक्यात ‘रिकामी’ हा शब्द न उच्चारताही ऐकू येतो. जनगणनेतही केवळ घरकाम करणारी स्त्री ‘काम न करणाऱ्यां’त मोजली जाते. प्रत्यक्षात केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे जातात, तर असे काम करणाऱ्या पुरुषांची ९७, असे आढळले. रोवणीचा चिखल तुडवून आल्यावर चूल पेटविणाऱ्या बाईस सवड नाही आणि श्रमिक म्हणून पुरती नोंदही नाही.

तात्पर्य, एकास नको असलेले रिकामपण लादले गेले आहे आणि दुसरीस हवी असलेली सवड नाकारली गेली आहे. पहिल्यास वर्षभराचे काम हवे, दुसरीस घरकामात वाटेकरी हवा. पहिली गोष्ट शासनाच्या हाती आहे; दुसरीसाठी कोणत्याही योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.